रक्ती हगवण : पिल्लांचा पावसाळी शत्रू



आषाढ लागला की सिंदेवाहीच्या परिसरात रोवणीची धांदल उडते. घरातील जाणती माणसे दिवसभर बांध्यांतील चिखलात असतात. मागे सांदवाडीत कोंबडीची पिल्ले डालग्याखाली किंवा खुराड्यात कोंडलेली असतात, कारण वर घार, खाली मुंगूस आणि सतत पाऊस. एरवी सगळ्या परसात हिंडणारी ही पिल्ले आता हातभर जागेत खातात, पितात आणि तिथेच विष्ठा टाकतात. मग एका सकाळी दोन-तीन पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसतात. खालच्या तुसावर रक्ताचे डाग असतात. दोन दिवसांत पाच-सहा पिल्ले जातात, आणि घरातील कुणीतरी म्हणते, “मरी आली.”

या ‘मरी’ला नाव आहे, कारण आहे आणि वेळापत्रकही आहे. तिला मराठीत रक्ती हगवण आणि शास्त्रीय भाषेत कॉक्सिडिओसिस म्हणतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते. त्यामुळे आज गेलेली चार तलंगांची पिल्ले म्हणजे पुढच्या वर्षी घरातून गेलेली दोन-अडीचशे अंडी. बाजारच्या दिवशी मीठ-तेल आणि तुमच्या वह्या याच अंड्यांवर येत असतील, तर हा हिशेब लहान नाही.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने कोंबड्यांच्या रोगावर का लिहावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. लेख वाचून संपेपर्यंत त्यात गुणाकार, घनता, आर्द्रता, बाष्पीभवन आणि हवेचा दाब इतके विषय येऊन गेलेले असतील. हा रोग समजून घ्यायला हीच अवजारे लागतात.

शत्रू कोण?

रक्ती हगवण जिवाणूंमुळे होत नाही आणि विषाणूंमुळेही होत नाही. तिचे कारण आहे आयमेरिया नावाचा एकपेशीय परोपजीवी प्राणी. हिवतापाचा जंतू ज्या मोठ्या गटात मोडतो, त्याच गटातील हा दूरचा नातेवाईक. मात्र हिवतापाला डास लागतो, याला कुणीही मध्यस्थ लागत नाही. एका पिल्लाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या चोचीतून आत जातो.

या कुळातील प्राणी माणसाच्या दृष्टीस पडले ते फार पूर्वी. हॉलंडमधील लेव्हेनहुक याने १६७४ साली स्वतः घासलेल्या भिंगातून सशाचे पित्त पाहिले, तेव्हा त्याला त्यात अंडाकार कण दिसले. ते सशातील आयमेरियाच असावेत, असे पुढच्या अभ्यासकांनी ठरविले. कोंबड्यांतील आयमेरियांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत टायझर या शास्त्रज्ञाने केला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. कोंबडीत या प्राण्याच्या सात जाती प्रामुख्याने मानल्या जातात. प्रत्येक जातीने आतड्याचा आपापला भाग वाटून घेतला आहे.

त्यांतील आपल्या कामाची जात म्हणजे आयमेरिया टेनेला. कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर दोन बंद तोंडाच्या नळ्या असतात, त्यांना उंडुके म्हणतात. टेनेला या उंडुकांत राहते आणि तिच्यामुळेच विष्ठेत ताजे रक्त दिसते. दुसरी एक घातक जात, नेकॅट्रिक्स, लहान आतड्याच्या मधल्या भागात रक्तस्राव घडविते. बाकीच्या जातींनी रक्त फारसे पडत नाही. पिल्लू पातळ हगते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि वाढ खुंटते.

एक दिलासा येथेच देऊन ठेवतो. कोंबडीचा आयमेरिया माणसाला होत नाही, गायीला होत नाही आणि शेळीलाही होत नाही. शेळीची आयमेरिया वेगळी, सशाची वेगळी.

एका पुटीचा गुणाकार

आजारी पिल्लाच्या विष्ठेतून आयमेरियाच्या सूक्ष्म पुट्या बाहेर पडतात. पुटी म्हणजे कठीण दुहेरी कवच असलेली बंद डबी. टेनेलाची पुटी सुमारे २० मायक्रोमीटर लांबीची असते. अशा पन्नास पुट्या एका ओळीत ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. म्हणजे नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाही.

बाहेर पडलेली पुटी लगेच रोग देत नाही. ती आधी ‘पिकावी’ लागते. ऊब, ओलावा आणि हवेतील ऑक्सिजन मिळाला की तिच्या आतील गोळ्याचे चार भाग होतात आणि प्रत्येक भागात दोन, असे एकूण आठ सूक्ष्म जीव तयार होतात. २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाला हे काम साधारण एक ते दोन दिवसांत पुरे होते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे तिचाच आधार घ्यायचा आहे.

आता अशी एक पिकलेली पुटी पिल्लाने दाण्याबरोबर टिपली असे समजा. तिचे कवच पिल्लाच्या पेषणीत दळले जाते आणि आठ जीव मोकळे होतात. प्रत्येक जीव उंडुकाच्या अस्तरातील एका पेशीत शिरतो आणि तेथे त्याचे सुमारे ९०० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पुन्हा नवीन पेशीत शिरतो आणि त्याचे सुमारे २०० किंवा त्याहूनही अधिक होतात. आता गुणाकार करा :

८ × ९०० × २०० = १४,४०,०००

एका पुटीपासून चौदा लाखांवर! हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पुष्कळ जीव वाटेतच मरतात आणि पिल्लाचे शरीरही प्रतिकार करते. तरीही लाखांची मजल गाठली जाते. शेवटी त्यांतून नर आणि मादी पेशी होतात, त्यांच्या मीलनातून नव्या पुट्या होतात आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून त्या विष्ठेतून बाहेर पडू लागतात.

दुसऱ्या पिढीचे जीव अस्तराच्या खोल थरात वाढतात. ते फुटून बाहेर येतात तेव्हा अस्तर फाटते आणि रक्तवाहिन्या उघड्या पडतात. ही घटना पुटी गिळल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी घडते. रक्त दिसते ते याच वेळी. बहुतेक मृत्यू पाचव्या-सहाव्या दिवशी होतात. आठवा दिवस पाहिलेले पिल्लू बहुधा वाचते.

येथे आणखी एक गोष्ट दिसून येते. पोटात होणारा गुणाकार दोन-तीन फेऱ्यांत आपोआप थांबतो. नवीन पुटी गिळली नाही, तर रोग त्याच पिल्लात पुन्हा पेट घेत नाही. म्हणून पिल्लू किती आजारी पडेल, हे मुख्यतः त्याने थोड्या काळात किती पुट्या टिपल्या यावर ठरते. थोड्या टिपल्या तर किरकोळ पोट बिघडते आणि शरीरात त्या जातीपुरती प्रतिकारशक्ती येते. एकदम हजारोंनी टिपल्या तर उंडुकच फाटून निघते. सांदवाडीभर हिंडणारी पिल्ले थोड्याथोडक्या पुट्या टिपतच मोठी होतात आणि निरोगी राहतात. डालग्याखाली कोंडलेल्या पिल्लांच्या वाट्याला त्याच पुट्या शंभरपटींनी येतात.

ओल का सुकत नाही?

आता आपण पुटी पिकण्याच्या अटींकडे वळू. ऊब, ऑक्सिजन आणि ओलावा या तिन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. पिल्लांनाही ऊब आणि हवा हवीच, म्हणून त्या दोन काढून घेता येत नाहीत. आपल्या हातात उरतो तो ओलावा.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सांडलेले पाणी पाहता पाहता उडून जाते, आणि जुलैत तेच पाणी दोन दिवस तसेच राहते. असे का? हवेत मावणाऱ्या बाष्पाला मर्यादा असते आणि ती तापमानावर अवलंबून असते. ४२ अंशाला एका घनमीटर हवेत सुमारे ५६ ग्रॅम बाष्प मावते. मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्के धरली तर हवेत ११ ग्रॅम बाष्प आधीच आहे आणि आणखी ४५ ग्रॅमला जागा आहे. जुलैत तापमान ३० अंश धरा. तेव्हा ३० ग्रॅमच मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर २७ ग्रॅमची जागा आधीच भरलेली असते आणि उरते ३ ग्रॅमची. ४५ कुठे आणि ३ कुठे! हवेची पाणी उचलण्याची कुवत पंधरा पटींनी घटली. म्हणूनच हा रोग पावसाळ्यात डोके वर काढतो. आकाशातून तो काही पडत नाही.

दुसरा हिशेब उष्णतेचा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. पिल्लांच्या उबेसाठी लावलेला १०० वॅटचा दिवा सेकंदाला १०० जूल देतो. त्याची सगळी उष्णता पाणी सुकविण्यात खर्च झाली, असे मानले तरी २४ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेसात तास लागतील. एक लिटर पाणी सांडायला मात्र एका पिल्लाचा एक धक्का पुरतो. तेव्हा सांडलेले सुकवीत बसण्यापेक्षा सांडू न देणे केव्हाही स्वस्त.

रोग ओळखायचा कसा?

साधारण तीन ते आठ आठवडे वयाच्या पिल्लांवर पावसाळ्यात विशेष लक्ष ठेवा. रोज सकाळी खुराडे उघडताना पाच मिनिटे नुसते पाहत उभे राहा. खाली दिलेल्या गोष्टी दिसतात का ते पाहा :

१. पिल्लू पिसे फुगवून, पंख सैल सोडून, डोळे मिटून उभे राहते. इतर पिल्लांना चिकटून ऊब शोधते.

२. दाणा खाणे कमी होते. पाणी मात्र बहुधा पीत राहते.

३. विष्ठा पातळ होते आणि पुढे तिच्यात लालसर किंवा तांबूस रक्त दिसते. गुदाजवळची पिसे माखतात.

४. तुरा, डोळ्यांच्या कडा आणि पाय फिकट पडतात. हे रक्त गेल्याचे चिन्ह.

विष्ठेचा रंग पाहताना घाई करू नका. कोंबडी अधूनमधून उंडुकातील विष्ठा टाकते. ती गडद तपकिरी, चिकट आणि घाण वासाची असते. ती नेहमीचीच असते, रोगाची नव्हे. शंका आली तर रात्री खुराड्यात जुना पांढरा कागद अंथरा आणि सकाळी पाहा. पांढऱ्यावर लाल लगेच कळते.

याच वयात दिसणारे दुसरे रोग यापासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी, चिकट विष्ठा गुदाशी साचत असेल तर पुलोरम या जिवाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. धाप लागणे, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी होणे आणि पिल्लांबरोबर मोठ्या कोंबड्याही मरणे ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणे. हिमालयाच्या पायथ्याकडील राणीखेत येथे १९२७ साली भारतात हा रोग प्रथम नोंदला गेला म्हणून हे नाव पडले. तो विषाणूजन्य आहे, त्यावर औषध नाही, वेळेवर दिलेली लस हाच उपाय. जंतांमुळे पिल्लू रोडावते, पण ते आठवडे घेऊन, एका रात्रीत नव्हे.

मेलेल्या पिल्लाची उंडुके पशुवैद्यक उघडून पाहतात. रक्ती हगवणीत ती फुगलेली, काळपट लाल आणि गोठलेल्या रक्ताने भरलेली असतात. ही चिरफाड तुम्ही घरी करू नका. मोठ्या कोंबड्या अचानक मेल्या, तर त्यांना हातही न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तो भारतातील पहिला. तो रोग माणसालाही होऊ शकतो.

मिठाच्या पाण्याची युक्ती

पुट्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर शाळेतील सूक्ष्मदर्शक पुरतो. अडचण अशी की विष्ठेच्या कचऱ्यात त्या हरवून जातात. त्यांना वेगळे काढायला घनतेचा उपयोग होतो. पुटीची घनता पाण्याहून थोडी अधिक असते, म्हणून साध्या पाण्यात ती तळाशी बसते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.२ ग्रॅम असते आणि ती पुटीच्या घनतेपेक्षा अधिक आहे. अशा द्रावणात पुटी वर तरंगते आणि जड कचरा खाली बसतो. मृत समुद्रात माणूस बुडत नाही, त्यातलेच हे तत्त्व.

कृती शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ते ४० ग्रॅम मीठ ढवळून संपृक्त द्रावण करा. ताज्या विष्ठेचा बोराएवढा गोळा त्यातील ४५ मिलिलिटर द्रावणात कालवा आणि केवळ या कामासाठी ठेवलेल्या गाळणीने गाळा. गाळलेले द्रावण परीक्षानळीत इतके भरा की पृष्ठभाग काठावर किंचित फुगून येईल. वर आच्छादन काच अलगद ठेवा आणि २० मिनिटे थांबा. काच सरळ वर उचलून काचपट्टीवर ठेवा. आधी शंभरपट आणि मग चारशेपट मोठे करून पाहा. चारशेपटीत २० मायक्रोमीटरची पुटी आठ मिलिमीटरची भासते. दुहेरी कडा आणि आत गोल गोळा, अशी ती ओळखू येते. काळ्याभोर कडेचे वाटोळे दिसले तर ते हवेचे बुडबुडे. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

या तपासणीचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरू नका. निरोगी कोंबडीच्या विष्ठेतही चार-दोन पुट्या सापडतात, त्याने ती आजारी ठरत नाही. उलट रक्त चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते आणि पुट्या सहाव्या-सातव्या दिवसापासून. म्हणून रक्त आहे आणि पुटी सापडत नाही, असेही घडते. पुटी दिसली नाही म्हणून उपचार थांबवू नयेत.

उपचार आणि त्रैराशिक

रक्त दिसले त्या दिवशीच पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. या रोगावर सर्वांत सोयीचे औषध म्हणजे अँप्रोलियम. ते १९६० च्या सुमारास वापरात आले. त्याची युक्ती मजेदार आहे. त्याच्या रेणूची घडण थायमिनसारखी, म्हणजे ब१ जीवनसत्त्वासारखी असते. आयमेरियाला वाढताना थायमिन फार लागते. थायमिन समजून तो अँप्रोलियम आत घेऊ पाहतो आणि उपाशी मरतो. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसे हे आहे. यावरूनच कळेल की औषध चालू असताना त्याबरोबर बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक पाजू नये. खरी किल्ली भरपूर मिळाली तर खोटीचा प्रभाव उरत नाही. टॉनिक द्यायचे ते औषधाचे दिवस संपल्यावर.

जोराची लागण असेल तर पिण्याच्या पाण्यात ०.०२४ टक्के अँप्रोलियम ३ ते ५ दिवस आणि मग ०.००६ टक्के एक ते दोन आठवडे, असे प्रमाण रूढ आहे. आता त्रैराशिक मांडू. ०.०२४ टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.०२४ ग्रॅम, अर्थात एका लिटरमध्ये ०.२४ ग्रॅम. भुकटी शुद्ध नसते. पाकिटावर २० टक्के लिहिले असेल तर ०.२४ ग्रॅम औषधासाठी ०.२४ ÷ ०.२० = १.२ ग्रॅम भुकटी लागेल. नंतरच्या आठवड्यांत चौथा हिस्सा, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम.

इतके बारीक वजन घरच्या तराजूवर होणार नाही. त्यासाठी १२ ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातील १०० मिलिलिटर द्रावण ९०० मिलिलिटर पाण्यात मिसळा. लिटरला बरोबर १.२ ग्रॅम आले. द्रावण रोज ताजे करा. भुकटीचे प्रमाण कंपनीगणिक वेगळे असू शकते, म्हणून पाकीट वाचा आणि पशुवैद्यकांनी वेगळे सांगितले तर त्यांचेच ऐका. अंदाजाने चमचाभर टाकू नका.

औषध पाण्यातूनच का? कारण आजारी पिल्लू खात नाही, पण पिते. औषध सगळ्याच पिल्लांना का? कारण आज रक्त हगणाऱ्या पिल्लाच्या पोटात जे घडायचे ते बरेचसे घडून गेले आहे. औषधाचा खरा लाभ होतो तो त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या, एक-दोन दिवस मागे असलेल्या पिल्लांना. ती अजून टवटवीत दिसत असतात. औषध चालू असताना दुसरे पाणी ठेवू नका आणि पिल्ले डबक्यावर जाऊ देऊ नका.

सल्फा गटातील औषधेही या रोगावर चालतात. १९३९ साली अमेरिकेत लेव्हिन यांनी सल्फानिलअमाइडचा गुण दाखविला तेव्हापासून ती वापरात आहेत. मात्र मात्रा चुकली तर ती पिल्लांना बाधतात आणि अंड्यांत उतरतात. म्हणून ती पशुवैद्यकांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि अंडी खाण्यात असलेल्या कोंबडीला तर नाहीच.

औषधाइतकेच महत्त्वाचे म्हणजे आजारी पिल्ले वेगळी करणे, त्यांना कोरडी ऊब देणे आणि खुराड्यातील ओले तूस त्याच दिवशी काढणे. खाली नवीन पुट्या पिकत असतील तर वरून औषध देऊन काय साधणार?

लढाई खुराड्याच्या जमिनीवर

आज पडलेली पुटी एक ते दोन दिवसांनी पिकणार आहे. तेवढ्या अवधीत ती कोरडी पडली किंवा पिल्लांपासून दूर गेली, तर साखळी तुटली. सगळे प्रतिबंधक उपाय या एका वाक्यातून निघतात.

*अंथरण.* आपल्याकडे धानाच्या गिरण्या आहेत आणि तुसाचे ढीग आहेत. कोरड्या तुसाचा दोन-तीन इंच थर घाला. तूस मोकळे राहते, त्यात हवा खेळते आणि ते लवकर सुकते. रोज ते काठीने वरखाली करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून लांबच्या खड्ड्यात टाका.

*पाण्याचे भांडे.* उघडी ताटली ठेवली की पिल्ले तिच्यात उभी राहतात, विष्ठा टाकतात आणि पाणी सांडतात. त्याऐवजी एक डबा घ्या. त्याच्या तोंडाच्या काठाजवळ ताटलीच्या काठापेक्षा कमी उंचीवर एक छिद्र पाडा. डबा पाण्याने भरा, वर ताटली पालथी ठेवा आणि दोन्ही एकदम उलटे करा. पाणी छिद्र झाकेपर्यंत येते आणि थांबते. छिद्रातून हवा आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या हवेचा दाब डब्यातील पाणी तोलून धरतो. हा दाब दहा मीटर उंचीचे पाणी तोलू शकतो, मग वीतभर डब्याची काय कथा! पिल्लू पिते, पातळी उतरते, छिद्र उघडे पडते, एक बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी बाहेर येते. ताटली पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल अशा विटेवर ठेवा आणि पिल्ले वाढतील तशी उंची वाढवा.

*खुराडे.* शक्य असेल तर जमिनीपासून हात-दीड हात उंच, बांबूच्या कामट्यांच्या तळाचे खुराडे करा. विष्ठा फटीतून खाली पडते आणि पिल्लांची चोच तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बांबूला आपल्याकडे तोटा नाही. डालगे वापरायचे असेल तर त्याची जागा रोज बदला. जागा बदलायला पैसे पडत नाहीत, आणि काल पडलेल्या पुट्या पिकतात तेव्हा पिल्ले तेथे नसतात.

*गर्दी आणि वय.* मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसत असल्या तरी पुट्या टाकत असतात. म्हणून बाहेरून विकत आणलेली गिरिराज किंवा वनराज जातीची पिल्ले पहिले दोन महिने त्यांच्यात मिसळू नका.

*मे महिन्याची सफाई.* पुटी ओल्या, सावलीच्या मातीत कित्येक महिने टिकते. तिच्या कवचातून फिनेलसारखी नेहमीची जंतुनाशके आत जात नाहीत. चुना आणि राख ओल शोषतात, तेवढा त्यांचा उपयोग खरा, पण त्यांनी पुटी मरते असे धरून चालू नये. तिला मारतात ती उष्णता आणि कोरडेपणा. म्हणून मे महिन्यात खुराडे रिकामे करा, खरवडा, उकळते पाणी ओता आणि आठवडाभर कडक उन्हात ठेवा. आपल्या जिल्ह्याच्या उन्हाला आपण एरवी बोल लावतो, पण या कामात त्याच्याइतका फुकटचा मदतनीस नाही.

प्रतिकारशक्तीचा धागा पकडून शास्त्रज्ञांनी लसही तयार केली. १९५२ साली अमेरिकेत जिवंत पुट्यांची मोजकी मात्रा देणारी लस बाजारात आली, आणि मोठ्या कुक्कुटपालनात अशा लशी आजही वापरतात. परसातील दहा-वीस पिल्लांसाठी मात्र कोरडी जागा आणि मोकळे हिंडणे हेच तिचे काम करतात. सगळ्या पुट्या नष्ट करणे आपल्याला शक्यही नाही आणि त्याची गरजही नाही. त्या थोड्या राहिल्या पाहिजेत, इतकेच.

सिंदेवाहीला धान संशोधन केंद्र आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही आहे. तालुक्यातील शिक्षकांनी पावसाळ्याआधी तेथील किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातील तज्ज्ञांना शाळेत बोलवावे आणि वर्गाने आपापल्या घरच्या खुराड्यांची पाहणी त्यांच्यासमोर मांडावी. रोवणीच्या दिवसांत मोठ्यांना वेळ नसतो. सकाळची पाच मिनिटे आणि दोन भांडी तुसाचे काम तुमच्यासारखी मुलेमुलीच करू शकतात.

करून पाहा

१. खुराड्यातील १०० ग्रॅम अंथरण पत्र्यावर पसरून, उन्हात किंवा चुलीजवळच्या उबेला, वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवा. ७५ ग्रॅम उरले तर ओलावा २५ टक्के. २० ते २५ टक्के ठीक. ३० च्या वर गेला तर अंथरण बदला. भांड्याजवळचा आणि कोपऱ्यातील नमुना वेगवेगळा घ्या आणि फरक लिहा.

२. मूठभर अंथरण दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ते फार ओले, सावकाश सुटला तर बरे. मुठीचा हा अंदाज पहिल्या प्रयोगातील आकड्यांशी ताडून पाहा.

३. २५ पिल्ले दिवसाला दोन लिटर पाणी पितात. २० टक्के अँप्रोलियमची भुकटी ५ दिवस लिटरला १.२ ग्रॅम आणि पुढे १० दिवस लिटरला ०.३ ग्रॅम द्यायची आहे. एकूण किती ग्रॅम भुकटी लागेल?

४. सोमवारी सकाळी एका पिल्लाच्या विष्ठेत रक्त दिसले. त्याने पुट्या साधारण कोणत्या वारी टिपल्या असतील? त्या पुट्या विष्ठेतून कधी पडल्या असतील? त्या दिवसांत पाऊस किती झाला होता आणि पिल्ले किती वेळ कोंडलेली होती, हे घरी विचारा.

(तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर : १८ ग्रॅम.)